उघडणाऱ्याची बाजू

चुळबुळे हे मिस्त्रींचं आडनाव नव्हे. ते आम्ही नाटकवाल्यांनी ठेवलं, आणि असं काही चिकटलं की एका दौऱ्याच्या छापील यादीत 'रंगमंच सुतार : श्री. चुळबुळे' असंच आलं. मिस्त्रींनी ती ओळ कात्रीने कापून पाकिटात ठेवली. नाव कसलंही असो, छापून आलं होतं ते एकदाच.

हा माणूस स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. प्रयोग चालू असताना विंगेत उभे राहतील ते एका पायावर. हातात स्क्रूड्रायव्हर, आणि कान कुठे काही करकरतंय का याकडे. एकदा तिसऱ्या अंकात मी पलंगावर प्राण सोडत होते. पलंग किंचित वाजला, तर हे मागच्या पडद्याखालून सरपटत आले आणि माझ्या अखेरच्या शब्दांना स्क्रू पिळल्याची साथ मिळाली. प्रेक्षक रडत होते. मेल्यावर हसू दाबायला मी जी धडपड केली, तिला दुसऱ्या दिवशी लोकांनी अभिनय म्हटलं.

आता आम्ही सगळेच घरी बसलोय. जिन्याच्या एका बाजूला माझं दार, समोर मिस्त्री आणि वहिनींचं. वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको, आमच्याच कंपनीत कपडे शिवायच्या. मी जितक्या राण्या झाले तितक्या त्यांच्या टाक्यांवर उभ्या होत्या. कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी घरात खिडकीशी मशीन मांडलं आणि गल्लीतल्या लोकांचे कपडे उसवू, आवळू, सैल करू लागल्या. मिस्त्रींना तळमजल्यावर जिन्याखालची खोली मिळाली. एका टोकाला वाकूनच उभं राहावं लागतं अशी. तिथे ते दिवसभर काही ना काही ठोकत असतात, आणि त्या ठोकण्यावरून मला वर बसून त्यांची तब्येत कळते.

गेल्या दोन वर्षांत वहिनींची नजर उतरली. पूर्ण नाही. बघतात त्याचा मधला भाग तेवढा पुसल्यासारखा झालाय, कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, मधलं परत येणार नाही, कडेचं बहुधा राहील. वहिनींनी ते फार मनावर घेतल्याचं दाखवलं नाही.

"तुमच्याकडे बघते ना ताई, तर तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," त्या मला म्हणाल्या. "काही बिघडत नाही. निम्म्या लोकांची तोंडं न दिसलेलीच बरी. आता माझा सगळा कारभार कानाडोळ्याचा."

मशीनवरची सरळ शिलाई त्यांना अजून न बघता येत होती, चाळीस वर्षं तेच केलेलं. सुईत दोरा ओवायला तारेचा फासा होता. अडलं ते बटणांवर. त्यांची सगळी बटणं एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात एकत्र असत, आणि त्यातून हवं ते उचलायचं काम आजवर डोळे करत होते.

शाळेच्या मुख्याध्यापकांचा कोट आला होता, बटणं बदलायला. वहिनींनी सहा लावली. पाच काळी, आणि वरून तिसरं गडद निळं. साहेब तो कोट घालून शाळेत गेले, आणि पहिल्या रांगेतल्या कुणा पोराने ते पाहिलं. मुख्याध्यापक भला माणूस. संध्याकाळी कोट घेऊन आले, म्हणाले, "काही घाई नाही हो, जमेल तेव्हा बघा. एवढं काही दिसत नाही खरं तर."

ते गेल्यावर वहिनींनी कोट दारामागे टांगला, मशीनवर झाकण घातलं आणि परगावी असलेल्या लेकीला फोन लावला. लेक वर्षभर मागे लागली होती की दोघं इकडे या, मशीन विकून टाका, आता पुरे. वहिनी दर वेळी तिला उडवून लावायच्या. या वेळी म्हणाल्या, "येते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी न्यायला ये." फोन ठेवला आणि मग नवऱ्याला सांगितलं.

एकोणीस दिवस होते रविवारला.

मिस्त्री माझ्याकडे आले ते बसले नाहीतच. माझ्या खुर्चीचा हात हलवून पाहिला, खिडकीची कडी दोनदा लावली, काढली.

"बाई, ती जायचं म्हणतेय."

"आणि तुम्ही?"

"मी काय, खिळा. ठोकाल तिथे." पण कडी परत काढली. "तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. रंधा मारला तर खालचे लोक वर येतील. ते जाऊ द्या. मला वेगळंच लागलंय."

"काय?"

"मी म्हटलं तिला, एका बटणासाठी एवढं कशाला? चुका आधी होत नव्हत्या का? तर म्हणते, व्हायच्या. पण तेव्हा माझी चूक मला आधी सापडायची. आता गिऱ्हाइकाला आधी सापडते. तसं काम मला नको."

रंगमंचावर वाक्य विसरलं तर प्रॉम्प्टर असतो. इथे कोण होतं?

मिस्त्री जिना उतरले, परत चढले. दारातून डोकं घालून म्हणाले, "पेटी करतो. बटणांची. वेगवेगळी घरं असलेली. आणि अशी देखणी करतो की तिला उघडल्याशिवाय राहवणार नाही."

पुढचे आठ दिवस जिन्याखालून एकसारखे आवाज येत होते. मिस्त्री सकाळी बागेत जायचे आणि शर्टाच्या खिशातून पानं घेऊन यायचे. हिरवी, पिवळी, किडीने खाल्लेली. मला दाखवायचे. "ही शीर बघा बाई, कशी वळलीय. माणसाला अशी रेघ काढता येत नाही." एका कामाला हात लावलाय तोवर दुसऱ्याची घाई. जेवताना उठून खाली गेल्याबद्दल वहिनींनी दोनदा झापलं. त्यांना पेटीचं ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, घर सोडायचं म्हणून बावरलेत. तेही खोटं नव्हतं.

नवव्या दिवशी पेटी माझ्याकडे आली, माझ्या टेबलावर. मिस्त्रींनी मला दाराशेजारच्या खुर्चीत बसवलं, खिडकीचा डावा पडदा सरकवून उजेड एका बाजूने घेतला, आणि वरचं फडकं काढलं.

काय सांगू. वेलच होती ती. पेटीच्या अंगावरून वर चढलेली, पानं एकमेकांवर पडलेली, प्रत्येकाखाली सावली, शिरा उठून दिसणाऱ्या, एका पानाला किडीने पाडलेलं भोक आणि त्या भोकातून मागचं पान. वाटलं, हात लावला तर दव लागेल. मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींचा चेहरा असा झाला की पहिल्या प्रयोगालाही झाला नसेल.

"आता तिला," ते म्हणाले, आणि ती घेऊन समोरच्या दारात गेले. मी मागोमाग.

वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी मान वाकडी करून कडेच्या नजरेने पाहिलं, मग ते सोडून दिलं आणि हात फिरवला. समोरून, वरून, बाजूने. परत समोरून.

"गुळगुळीत आहे छान," म्हणाल्या. "काय आहे यावर?"

"पानं आहेत. वेल."

"कुठे?"

मलाही तेव्हाच कळलं. पानं रंगवलेली होती. सगळी. शिरा, सावल्या, ते किडीचं भोकसुद्धा. सपाट प्लायवुडवर रंगाने उठाव आणायचा, हेच मिस्त्रींनी जन्मभर केलं होतं. संगमरवराचे खांब, कोरलेली सिंहासनं, दगडी जिने, सगळं सपाट. दहा फुटांवरून खरं. आणि मला त्यांनी दहा फुटांवरच बसवलं होतं. मीही उठून जवळ गेले नव्हते. नाटकवाल्यांना जवळ जायची सवय नसते.

वहिनींची बोटं तोवर झाकणाची फट शोधत होती. समोरच्या बाजूला त्यांना बिजागरी लागली. मग त्यांनी पेटी फिरवली. मागची बाजू कोरी होती. रंग नाही, पॉलिश नाही, पेन्सिलीच्या खुणा तशाच. उघडायची जागा तिकडे.

हेही समजावून सांगायला हवं. रंगमंचावर पेटी उघडणारा नट पेटीच्या मागे उभा असतो, तोंड लोकांकडे. झाकण उचललं की ते लोकांच्या बाजूला उभं राहिलं पाहिजे, म्हणजे पेटी रिकामी आहे हे कुणाला दिसत नाही. म्हणून बिजागरी दर्शनी बाजूला, आणि सगळी नक्षीही दर्शनी बाजूला. नटाच्या पोटाशी येते ती पाठ. पाठीवर कुणी खर्च करत नाही. मिस्त्रींनी आयुष्यात दुसऱ्या तऱ्हेची पेटी केलीच नव्हती. हात आपोआप तसे गेले.

वहिनींनी पेटी दोनदा उलटसुलट केली. त्यांना कंपनीतल्या पेट्या ठाऊक होत्या. एकेका पेटीत त्यांनी स्वतः गाद्या शिवून घातल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही माझ्यासाठी केलीत, का समोर बसलेल्यांसाठी?"

रागाने नाही. खरंच विचारत होत्या. मिस्त्रींनी पेटी उचलली आणि खाली गेले. आणि पहिल्यांदाच जिन्याखालून कसलाच आवाज आला नाही. मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी मात्र पायाला भिंगरी लागल्यासारखे सुटले. आता ते डोळ्यांनी बघेनात, हातांनी बघू लागले. जिना उतरताना डोळे मिटून कठड्यावर हात फिरवत उतरायचे. दुधाच्या बाटल्या घेऊन चढणाऱ्या बाईला धडकले, तिने चार शब्द सुनावले, यांनी डोळे न उघडताच माफी मागितली, त्यावर तिने आणखी चार सुनावले. बाहेरून येताना खिशात पानांऐवजी भलभलत्या वस्तू. एक लहानसा वाळलेला भोपळा, शंख, देवदाराचं सुकं फळ, दोन अक्रोड. एकेक वस्तू वहिनींच्या हातात ठेवायची आणि समोर उभं राहायचं.

"हे काय आता?"

"कसं वाटतं ते सांग."

"टोचतं. दोरा अडकेल याच्यात."

"आणि हा?"

"शंख आहे. गार आहे. चांगला आहे. याला झाकण कुठून लावणार, गोगलगायीला विचारून?"

"भोपळा?"

"अहो, मी सामान बांधायला काढलंय. तुम्ही घरात रान कशाला आणताय?"

खरंच बांधायला काढलं होतं. कोपऱ्यात दोन खोकी उभी होती. मशीनवरचं झाकण तसंच होतं, दारामागे कोट तसाच. त्यांनी कोटाकडे बघायचंच टाळलं होतं, म्हणजे तोंड वळवून नव्हे, त्या दारानेच कमी जायच्या.

रविवारला आठ दिवस उरले असतील. मी दुपारी वहिनींकडे बसले होते. त्या मटार सोलत होत्या. लेकीशी सकाळी झालेलं भांडण मला रंगवून सांगत होत्या. चेहरा खिडकीकडे, आवाज वर चढलेला, लेकीची नक्कल अशी की रंगमंचावर असत्या तर माझ्या पोटावर पाय आला असता. आणि हात खाली मांडीत आपले चाललेले. शेंग घ्यायची, देठाचं टोक चाचपायचं, शिवणीवर अंगठा दाबायचा, शेंग तोंड उघडायची, अंगठा आतून फिरला की दाणे टपाटपा भांड्यात. एका शेंगेत त्या मध्येच थांबल्या, एक दाणा बोटाने वेगळा काढून बाजूच्या कागदावर टाकला आणि लेकीचं वाक्य पुरं केलं. मी तो दाणा उचलून पाहिला. किडका होता.

मिस्त्री दारात उभे होते. हातात अर्धा फुटलेला अक्रोड. ते हलत नव्हते. कंपनीत कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाहीत, पण मी शपथेवर सांगेन, एक मिनिटभर ते अजिबात हलले नाहीत.

मग आत आले, खिशातून पट्टी काढली आणि वहिनींचा अंगठा धरून मोजायला लागले.

"अंगठा कशाला?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या नावावर एक मशीन आहे फक्त. तेवढ्यासाठी अंगठा उठवून घेणार आहात का?"

"जरा दाब. शेंगेवर दाबतेस तसा दाब."

"वेड लागलंय."

पण दाबला.

अडचण अशी की मिस्त्रींकडे लाकूडच नव्हतं. चाळीस वर्षांची सुतारकी, आणि खोलीत सगळं प्लायवुड, पुठ्ठा, गोणपाट आणि खळ. भरीव लाकडाचा एक तुकडा नाही. बाजारात जायलाही त्यांना धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी वहिनींनी स्वयंपाकघरातल्या जुन्या टेबलावर भाजीची टोपली ठेवली, तर टेबल एका अंगाला कललं आणि कांदे घरभर झाले. टेबलाचा एक पाय बदललेला होता. नवा पाय दिसायला हुबेहूब, रंग, रेषा, खालची गोलाई, सगळं. नाटकातला पाय. आतून पोकळ. खरा पाय, जुन्या अक्रोडाच्या लाकडाचा, खाली पोहोचला होता.

"म्हटलं, घर सोडायच्या आधी टेबलाचे पाय का तोडताय," वहिनी मला म्हणाल्या. "तर म्हणतात, तीन आहेत ना अजून."

मी एकदा खाली गेले. दार लोटलेलं, आत काळोख, भर दुपारी. आतून खरवडल्याचा आवाज येत होता.

"मिस्त्री, आत आहात का?"

"नाही. काम चालू आहे."

दार ढकललं. दिवा बंद करून बसले होते. बसले होते, हे लक्षात घ्या. स्टुलावर, गुडघ्यांत तो लाकडाचा ओंडका धरून, हातात गोल पात्याची पटाशी. डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली.

"दिवा लावला की डोळे मध्ये पडतात," ते म्हणाले. "आणि उठून लांब जाऊन बघावंसं वाटतं. काल चार पावलं मागे गेलो तर रस्त्यावर पोहोचलो, सायकलवाला ओरडला. लांबून सुंदर दिसत होती. हातात घेतली तर खडबड."

ते रोज काहीतरी मोडत होते. पहिलं झाकण चिरलं. दुसऱ्या वेळी आतली घरं एकसारखी खोल झाली नाहीत. एका सकाळी त्यांनी बाहेरून सगळी तासून काढली, कारण एक फुगवटा त्यांच्या मनात बसेना. मी म्हटलं, दिवस किती राहिले माहीत आहे ना? म्हणाले, "बाई, तिसरी घंटा तुम्ही देऊ नका." मी वर आले. त्यांची चुळबुळ आता माझ्यात उतरली होती. मी घरात कपाटं लावत बसले.

गुरुवारी पेटी वर आली. या वेळी त्यांनी मला खुर्चीत बसवलं नाही. सरळ वहिनींच्या हातात दिली.

मटाराची शेंग, वीतभर लांब. रंग नाही, नुसतं तेल पाजलेलं अक्रोड. एका टोकाला आखूड, किंचित वाकडा देठ. अंगावर सात फुगवटे, दाणे भरलेल्या शेंगेला असतात तसे, आणि प्रत्येक फुगवट्याच्या आत एक घर. म्हणजे पेटी न उघडताही बाहेरून बोट फिरवून मोजता येतं, देठाकडून पहिलं, दुसरं, तिसरं. बिजागरीचा खिळा काठावर न घेता थोडा आत घेतला होता, त्यामुळे शिवणीच्या एका जागी अंगठा दाबला की झाकणाची समोरची बाजू वर उचलली जाई. ती जागा नेमकी त्यांच्या अंगठ्याएवढी खोलगट. आणि आत घरांचे तळ वेगवेगळे. एकाचा गुळगुळीत, एकावर आडव्या रेघा, एकावर ठिपके.

वहिनींनी देठ चाचपला. अंगठा आपला आपण गेला. शेंग उघडली.

पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. मग एकेका घरात बोट घातलं.

"चौथं जरा अरुंद आहे," म्हणाल्या.

"आहे," मिस्त्री म्हणाले. "तिथे गाठ होती लाकडात."

"असू दे. मोठ्या बटणांना नाही, शर्टाच्या होतील."

संध्याकाळी आम्ही पत्र्याचा डबा पालथा केला. मी एकेक बटण खिडकीत नेऊन रंग सांगायचा, वहिनींनी ते घरात टाकायचं. पहिलं पांढऱ्यांचं. दुसरं काळ्यांचं, गुळगुळीत तळाचं. सहावं गडद निळ्यांचं, आडव्या रेघांचं. काळं आणि निळं मुद्दाम लांब ठेवलं.

पण मशीनवरचं झाकण निघालं नाही. शुक्रवार गेला. शनिवारी वहिनी येता जाता शेंग उघडायच्या, मिटायच्या, आणि खोक्यात भांडी भरायच्या. मिस्त्रींनी विचारलं नाही. त्यांनी विचारू नये म्हणून मीच त्यांना दोनदा बाजारात पिटाळलं. दोन्ही वेळा मिठाचा पुडा घेऊन आले.

रविवारी अकराला लेक आली, दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन. जीभ आईची, पाय बापाचे. दारातून आत येतानाच तिने चपला, छत्री आणि कामं एकदम हातात घेतली. आणि थबकली. मशीनचं झाकण खाली ठेवलेलं होतं. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर मुख्याध्यापकांचा कोट. कधी काढलं झाकण, मलाही ठाऊक नव्हतं.

"आई, हे काय? ऊठ. साडेपाचची गाडी आहे आपली."

"चार वाजता कोट द्यायचाय."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं. काल निरोप पाठवला त्यांना."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मिस्त्री तर आधीच बाहेर सटकले होते. पहिल्या प्रयोगाला ते कधीच विंगेत थांबत नसत. जिन्यावरून त्यांच्या वरखाली करण्याचा आवाज येत होता.

"बरं, उरक तू तेवढं," लेक म्हणाली आणि भांडी कागदात गुंडाळायला बसली. जागा हवी म्हणून तिने मशीनजवळची शेंग उचलली, बघितली, "छान केलीय बाबांनी," म्हणाली आणि परत ठेवली.

वहिनींनी वरून मोजून तिसरं, ते निळं बटण कापून काढलं. दोरा ओवला. हात लांब करून शेंग दाबली, डावीकडून मोजत दुसऱ्या घरात बोट घातलं, बटण उचललं, आणि कोटावर धरलं. सुई टोचली.

आणि थांबल्या. सुई काढून घेतली. परत त्या घरात बोट घातलं.

"हे निळं आहे," त्या म्हणाल्या.

लेकीने मान वर केली. "काळं आहे आई. मला दिसतंय ना. लाव."

"तळाला रेघा आहेत. निळ्याचं घर आहे हे." त्यांनी शेंगेचं टोक चाचपलं. "देठ उजवीकडे गेलाय. तू उलटी ठेवलीस."

"आई, काळंच आहे ते."

"खिडकीत नेऊन बघ."

लेक उठली. काचेशी बटण धरून उभी राहिली. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. आम्हाला तिची पाठ दिसत होती.

"निळं आहे," ती म्हणाली.

वहिनींनी शेंग फिरवून देठ डावीकडे घेतला, दुसरं घर मोजलं, काळं बटण काढलं आणि टाके घालायला लागल्या. चार टाके, दोन वेढे, गाठ. लेक परत भांड्यांकडे गेली नाही. आईसमोर स्टूल ओढून बसली आणि तिच्या हातांकडे बघत राहिली. जिन्यावरून आवाज आला, "बाई, काय चाललंय?" मी दारात जाऊन तोंडावर बोट ठेवलं. मिस्त्री तिथल्या तिथे पायरीवर चुळबुळत उभे राहिले.

"आणि उद्या कडेचंही दिसेनासं झालं तर?" लेकीने विचारलं. आवाज खाली आला होता.

"झालं तर तुला फोन करीन. तेव्हा ये, मी नाही म्हणणार नाही."

"खरं?"

"मशीनला हात लावून सांगू? आठ दिवस राहायला येते तुझ्याकडे, नातवंडांना बघायला. पण ते नंतर. मशीन इथे राहील."

"बाबा काय म्हणतात?"

"ते कुठे काही म्हणतात? जिने चढतायत."

लेकीने कोपऱ्यातल्या रिकाम्या बॅगांकडे बघितलं. कागदात गुंडाळलेली एक वाटी उचलली, सोडवली, मांडणीवर ठेवली. मग दुसरी. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "माझ्या घरच्या पडद्यांच्या कडा उसवल्यात सगळ्या. इथे आणून टाकू का?"

वहिनींनी दोरा दातांनी तोडला. कोटाची सहाही बटणं वरपासून खालपर्यंत एकदा बोटाने मोजली.

"किती आहेत?"

"आठ."

"मग पुढच्या महिन्यात आण. या आठवड्यात नाही जमायचं, हातात काम आहे."